माझ्या हेल्मेटचा तडा

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. प्लास्टरचा पाय उशीवरच ठेवा. ठेकेदाराचा माणूस आला तर कशावरही सही करू नका. खोदलेल्या रस्त्यावर कठडा नव्हता की दिवा नव्हता, तेव्हा भरपाई मागायचा आपल्याला हक्क आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. खड्डा बुजायच्या आत मी फोटो काढून येते.

साक्षीदार मात्र हवा. पोलिसांना तुम्ही सांगितलंत, स्कूटरवर एकटाच होतो. मग माझ्या हेल्मेटला तडा कसा गेला? मी तर घरी इस्त्री करत होते. तुमच्या ऑफिसातली कॅशियर मात्र हनुवटीला टाके घालून फिरतेय. बरं बसलं म्हणायचं तिला माझं हेल्मेट.

आता जबाब दुरुस्त करा. तिला साक्षीसाठी विचारायला मी स्वतः जातेय.

हेल्मेट फेकू नका, पुरावा आहे. आधी कोर्टात लागेल, मग घरात.