कोऱ्या जागेवरची सुपारी

३ नोव्हेंबर
आज आलं ते: बोरगावहून सामानाचा टेम्पो, २,२०० (अडीच हजार मागत होता). सागवानी देव्हारा, जुन्या बाजारातला, १,८००. गॅसची नळी १९०. बाकी सगळं घरचंच, देवाच्या कृपेनं एक कपसुद्धा फुटला नाही.

लष्कराच्या कॅम्पातलं हे भाड्याचं घर मला बघताक्षणी आवडलं. खोल्या दोनच, पण सकाळचं ऊन थेट देव्हाऱ्यात उतरतं. आमचे हे मालाच्या जहाजावर सुकाणू धरतात, वर्षातले आठ महिने पाण्यावर. बंदराला लागलं की फोन लागो न लागो, एक पोस्टकार्ड टाकतातच. मागच्या सुट्टीत जहाजावरच्या जुन्या नकाशांची गुंडाळी घेऊन आले होते. एवढा जाड कागद फेकून देतात म्हणे! मीच सांगितलं होतं, आणा, फळ्यांवर अंथरायला होईल. एक देव्हाऱ्यात घातला. मागच्या बाजूला तेलाचे डाग, म्हणून छापील बाजू वर केली.

वास्तुशांत झाली. नवरा घरी नाही, म्हणून पूजेला माझ्याशेजारी त्यांच्या नावाची सुपारी. भटजी म्हणाले, तुमचे मालक येईपर्यंत ती देव्हाऱ्यातच तांदळाच्या राशीवर ठेवा, राशीवरनं हलू देऊ नका. पण अक्षर म्हणजे सरस्वती, त्यावर रास कशी घालायची? नकाशावर सगळा समुद्र बारीक आकड्यांनी भरलेला, मधून पेन्सिलीची एक रेघ. रेघेच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी जागा तेवढी कोरी. तिथं रास घातली. छान बसली.

६ नोव्हेंबर
सुपारी राशीवरनं घसरून पेन्सिलीच्या रेघेवर आली होती. शेजारच्या राजाबाई आक्का म्हणाल्या, उंदीर असंल गं, कॅम्पातलं उंदीर मिलिटरीचं, रेघ धरूनच चालत्यात. लई हसलो दोघी. नमस्कार करून सुपारी परत राशीवर ठेवली.

८ नोव्हेंबर
कालही, आजही रेघेवर. परवापेक्षा बोटभर पुढं. रोज सकाळी परत राशीवर ठेवते. कणकुंबीच्या देवळातल्या कुंडातून आणलेलं तीर्थ तोंडाला खारट लागलं. आक्का म्हणतात, तांब्या घासताना मिठाचा हात लागला असंल. मी तांब्या चिंचेनं घासते. मीठ घेत नाही.

११ नोव्हेंबर
ह्यांचा फोन आला. आवाज उतरलेला. जहाज रोज सकाळी वाट सोडून डावीकडं सरकतं, कुणी उचलून ठेवल्यागत. साहेब ह्यांनाच बोलतो, सुकाणू धरतोस का झोपतोस. ह्या खेपेला नोकरी राहील असं वाटत न्हाय, म्हणाले.

मन रमावं म्हणून मी नकाशाचं सांगितलं. कोरी जागा म्हणजे काय हो, विचारलं. हसले. म्हणाले, कोरं म्हणजे खोल न्हवं गं, तिथं कुणी मापच घेतलं न्हाय, खाली काय हाय ते देवालाच ठावं. मग नकाशावरचं नाव वाचायला लावलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. परत एकदा वाचायला लावलं, मग म्हणाले, ह्या खेपेला तीच वाट आहे. नव्या नकाशातही ती जागा कोरीच आहे म्हणे.

रोज सकाळी पूजेला बसून मी काय करत होते, ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

१२ नोव्हेंबर
सुपारी रेघेवर होती. हात लावला नाही. भटजींचा शब्द मोडला, देवा, माफ कर. संध्याकाळी ह्यांचा निरोप आला, आज जहाज सरळ चाललंय.

१३ नोव्हेंबर
अडचण आली. चार दिवस देवाला शिवायचं नाही. पूजा राजाबाई आक्का करतील. सुपारीला हात लावू नका, असं दोनदा सांगितलं. व्हय व्हय, म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर
उंबऱ्यातनं पाहिलं. सुपारी राशीवर.

आक्का उलट मलाच बोलल्या — मालकाला असं खाली पाडून ठेवतीस व्हय गं? ओलं कुंकू लावून पक्की बसवलीया, आता हलायची न्हाय. मी पाया पडले, काढा म्हटलं. भटजीचं सांगणं मोडून पाप कोण घेणार, म्हणाल्या. आणि लेकीकडं निपाणीला निघून गेल्या.

फोन लागत नाही. दिवसभर उंबऱ्याशी बसून आहे. देव्हारा चार पावलांवर. आत गेले तर देव कोपेल. नाही गेले तर —

नकाशा ओला दिसतोय.

१५ नोव्हेंबर, सकाळ
कंपनीच्या माणसाचा फोन. जहाज पाण्याखालच्या खडकावर रुतलं. नकाशात तिथं काहीच नव्हतं, म्हणतो. कलतंय. माणसं उतरवतायत. ह्यांचं नाव विचारलं तर, थांबा म्हणाला — आणि फोन ठेवला —

आंघोळ न करताच आत गेले. विटाळ पाळला नाही. सुपारी निघत नाही. राशीत तांदूळ उरलेलाच नाही. काळं, थंड, खडकासारखं. चहूबाजूंनी पाणी —

एका हातानं सुपारी धरून लिहिते आहे. मी ओढते तशी ती आत जाते. खालून कुणीतरी —

अर्धी बुडाली.

अहो, मीच ठेवली हो तुम्हाला तिथं, रोज, हात जोडून — सोडत नाही मी — तुम्ही वर आहात की खाली, एवढंच, उलटटपाली एक ओळ —