समुद्राइतकं मीठ

७ जानेवारी २०२०, मंगळवार
साकोलीला समुद्र नाही. ही बाब आजवर कोणीही गांभीर्याने घेतलेली नाही. जिल्हा फुटला तेव्हा गोंदियावाल्यांनी नवेगावबांधचा तलाव नेला, आम्ही बघत बसलो. पण समुद्र मागायचं ना त्यांना सुचलं, ना आम्हाला. परिणामी मला सीफूड पास्ता तळ्यातल्या झिंग्यांवर भागवावा लागणार.

कारण असं. काल भाजीत तेल जास्त झालं, एवढंच मी रुपाला म्हणालो. चोवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने इतकं तर म्हणावंच, आणि मी रोज म्हणतो. तर म्हणाली, रविवारी माहा दादा अन् वहिनी येऊन राहिले, तुमीच रांधा. जमलं तं जन्मभर नावं ठेवा. नाई जमलं तं ताटात पडन ते मुकाट्यानं जेवा.
मंजूर केलं. बिचारी.

८ जानेवारी
सीफूड पास्त्याचा व्हिडिओ चारदा पाहिला. सोपं आहे. पास्त्याची पाकिटं हायवेवरच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने विचारलं, शेवया का? पैसे दिले आणि निघालो.

९ जानेवारी
बारीकशी अडचण. व्हिडिओतली बाई म्हणते, पाणी समुद्राइतकं खारट हवं. म्हणजे किती? मी समुद्र पाहिलेला नाही. ऑफिसात विचारलं. अकरा जणांपैकी नऊ जणांनी वाघ पाहिलाय, समुद्र एकानेही नाही.
शेवटी शेजारचे यादोराव सापडले. पुरीला जाऊन आलेले. तिथे लाट तोंडात गेली होती म्हणे. किती खारट, विचारलं. म्हणाले, भाऊ, उलटीच झाली ना.
शास्त्रीय माहिती मिळाली.

११ जानेवारी
चाचणी. दोन लिटर पाण्यात मीठ टाकत गेलो, यादोराव चाखत गेले. पाव किलोला म्हणाले, आणखी. अर्ध्या किलोला डोळे मिटून हात जोडले. हेच! रुपा म्हणाली, भाऊजी, तोंडातली तंबाखू तं थुका आधी.
जळते.

१२ जानेवारी, रविवार, सकाळी ९
झिंगे आणले. विकणारा ईश्वर म्हणाला, वांग्यात टाका भाऊ, मस्त लागते. लोकांची झेप तेवढीच. झिंगे गोड्या पाण्याचे, त्यांना सीफूड कसं म्हणणार? म्हणून दिवसभरासाठी कालच्याच मापाच्या खारट पाण्यात घालून ठेवले. आता हरकत नसावी.

सायंकाळी ६
पास्ता तांदळासारखा तीन पाण्यांनी धुऊन दुपारीच भिजत घातला होता. फुगून त्याचा एकच गोळा झालाय. त्याच मापाच्या खारट पाण्यात उकळला की सुटेल.

सायंकाळी ७.४५
सुटला नाही. सुरीने कापून वाढला.
रुपाचे दादा पुंडलिकराव पहिला घास घेऊन थांबले. म्हणाले, जवाईबापू, चव वेगळीच आहे. मग तांब्याभर पाणी प्यायले. मग वहिनींचाही तांब्या प्यायले. वहिनी म्हणाल्या, माह्या जिभेले काई समजूनच नाई राहिलं.
मी सांगितलं, समुद्र असाच असतो. साक्षीला यादोरावांना बोलावलं. या वेळी तोंडात तंबाखू नव्हती. एक घास घेतला आणि अंगणात धावले. बराच वेळ उलट्यांचा आवाज येत होता.
म्हणजे प्रमाण अचूक होतं.
रुपा उठली. मागच्या दाराने गेली आणि यादोरावांच्या बायकोकडून, जनाबाईंकडून, आलूभाताने भरलेलं भांडं, चांगला मोठा गंज, घेऊन आली. सगळे पोटभर जेवले. मी दोनदा घेतला.

१३ जानेवारी, सोमवार
सकाळची पोळी एका बाजूने करपलेली. रुपा समोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खाल्ली. दुसरीही तशीच होती. तीही खाल्ली.

जनाबाईंचा गंज घासला. शेजारचं भांडं आपल्याकडे रिकामं परत देत नाहीत. पास्ता भरपूर उरलाय. पातेल्याचं झाकण उघडलं. परत लावलं.
कोपऱ्यावरून अर्धा किलो साखर आणली, गंजात ओतली. त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि हाक न मारता परत आलो.