मिठाच्या खाणीचा शेवटचा मजला

प्रिय केरिस,

सकाळी तुझा फोन आला आणि मी तुला पुन्हा वारा, भरती आणि शेजारच्या इद्रिसचा गुडघा एवढंच सांगितलं. तू भावाबद्दल विचारलंस, "गेथिन कसा आहे?" मी म्हटलं, "आहे तसाच." तो तसाच नाही. पण त्याची खाट आता पुढच्या खोलीत आहे, फोन दाराबाहेर, आणि त्याचे कान अजून शाबूत आहेत. त्याच्याजवळ दुपारची बाई बसवून, पोस्टात जाऊन येते असं सांगून मी बंदरावरच्या चहाच्या दुकानात येऊन बसले आहे. इथून तुला मोबाइलवर सगळं सांगता आलं असतं. पण तू मध्ये बोलशील, मी गप्प होईन, आणि मग पुन्हा वाऱ्यावर घसरेन. कागद मध्ये बोलत नाही.

उन्हाळा सरता सरता त्याने मला माळ्यावरचं खोकं काढायला लावलं. तुमचा तो जुना कॉम्प्युटर, रबरी बटणांचा, आणि त्याचा कॅसेट प्लेयर. मला वाटलं, नुसता बघायचा असेल. तर म्हणाला, "लाव." इद्रिसने दोन संध्याकाळ खपून वायरी जोडल्या, आणि खेळ चढतानाची कॅसेटची ती जीवघेणी किंकाळी इतक्या वर्षांनी पुन्हा घरात घुमली. पडद्यावर रंगीत पट्टे धावले आणि मग 'मिठाची खाण' ही अक्षरं आली. तुला तो सिनेमा आठवतो ना? तुझे बाबा तुम्हा दोघांना लनेथ्लीला घेऊन गेले होते. कैदी ब्रॅनिक खाणीतून पळतो, वरती वरती चढत जातो. तू अर्धा सिनेमा बाबांच्या कोटात तोंड खुपसून पाहिलास आणि गेथिन घरी येईपर्यंत बसच्या सीटवर उड्या मारत होता. त्या नाताळात खेळाची कॅसेट आली. सिनेमा चालतोय तोवर विकायला म्हणून घाईघाईने केलेला खेळ असणार तो, कारण इतकी दुष्ट वस्तू कुणी विचार करून बनवणार नाही. पाच मजले, मोजके जीव, आणि मेलात की पुन्हा तळापासून. दिव्यातलं तेल संपतं, छतातून दगड पडतात, वाफेचे फवारे येतात, आणि उडी केसभर चुकली तरी ब्रॅनिक मिठात गाडला जातो. बाबा म्हणायचे, "बनवणाऱ्याला मुलं आवडत नसणार." तुम्ही दोघं चौथ्या मजल्याच्या वर कधी गेला नाहीत.

आता अडचण अशी की स्नायूंच्या या आजारात गेथिनचे हात उन्हाळ्यातच गेले होते. डावा अंगठा तेवढा थोडा हलायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, मला टीव्हीचा रिमोट कळत नाही." तो म्हणाला, "मी सांगतो. तू माझे हात हो."

अशी मी या वयात खेळायला बसले. दुपारचं जेवण उरकलं, म्हणजे त्याच्या पोटातल्या नळीतून दूध गेलं, की मी खुर्ची खाटेला लावायची. श्वासाचं यंत्र आता जवळजवळ दिवसभर लागतं, मास्कमधून बोलतो तो, एका श्वासात तीन-चार शब्द. तेवढ्यात शिकवणार आणि तेवढ्यात टोमणेही मारणार. "उजवीकडे. अगं उजवीकडे. तो उंदीर आहे, त्याला काय चहा विचारतेस?" पहिल्या आठवड्यात मी तळमजल्याच्या पहिल्या उंदरापुढे गेले नाही. मी चिडून जॉयस्टिकचा दांडा आपटला की तो म्हणायचा, "केरिस अशीच आपटायची. आता कळलं कुठून आलं ते." मी एकदा चॅपलमध्ये उच्चारू नये असा शब्द बोलले, तेव्हा त्याला इतकं हसू आलं की यंत्र कोकलायला लागलं. हे सगळं तुला फोनवर सांगावंसं फार वाटायचं. पण मे महिन्यात तू गेलीस, त्याला भित्रा म्हणून गेलीस, त्यानंतर या घरात तुझं नाव त्या दांड्याच्या निमित्तानेच निघायचं. मी तुला दोष देत नाही. घशात नळी बसवून घे, आणखी जग, असं मलाही म्हणायचं होतं. तू मोठ्याने म्हणालीस इतकंच.

मी सुधारत गेले. हाताला सवय होते ग. वाफेचा फवारा आपल्या शिवणयंत्रासारखा एका ठेक्यात चालतो हे माझं मलाच उमगलं, तेव्हा गेथिन म्हणाला, "हे आम्हाला कधी सुचलं नाही." मला केवढं भारी वाटलं म्हणून सांगू. ऑक्टोबरात आम्ही चौथ्या मजल्यावर पोहोचलो आणि तो पारही केला. पाचवा मजला तोवर आपल्या घरात कुणी पाहिला नव्हता. एक उंच विहीर, साखळीला टांगलेल्या बादल्या वरखाली जातात आणि एकीवरून दुसरीवर उडी मारत वर जायचं. वरती पांढरा चौकोन, तो उजेड. आणि तोवर गेथिनचा अंगठाही थांबला होता. मान धरायला उशा लागत होत्या. मास्क काढून तोंड पुसायचं म्हटलं तरी त्याचे डोळे पांढरे व्हायचे. तेवढ्या क्षणभरात माणूस बुडतो, केरिस, कोरड्या खोलीत बुडतो, आणि मी हातात फडकं घेऊन उभी असते.

मेअर, त्याची नर्स, दर आठवड्याला येते. भली बाई आहे, घाई करत नाही. एका दुपारी मी स्वयंपाकघरात किटली भरत होते आणि नळ बंद केल्यावर मला तिचा आवाज ऐकू आला, "नक्की ना, गेथिन? तुला कधीही मन बदलता येईल." आणि तो, तुकड्या तुकड्याने, "नक्की. मास्क काढायचा. आमची खाण संपू दे. मग दिवस ठरवू." मी किटली गॅसवर ठेवली. चहा केला. मेअरला तिच्या आवडीचे वेल्श केक दिले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिला पावसाबद्दल काहीतरी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मरायला लागले. समजलं ना तुला? मला बादल्यांचा ठेका पुरता आला होता. तरी मी वरपर्यंत जायचे आणि शेवटच्या उडीला बोट जरासं उशिरा दाबायचे. ब्रॅनिक खाली जायचा, मी "अरे देवा" म्हणायचे, आणि आम्ही पुन्हा तळापासून. कितीतरी दुपारी असं केलं. मला वाटायचं, एक दुपार मिळवली. त्याला घाम फुटायचा, रंग राखेसारखा व्हायचा, आणि मी त्याच्या शेजारी बसून एक एक दुपार चोरत होते. मला त्याची लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

एके दिवशी मी अशीच पडले. त्याने टोमणा मारला नाही. मग म्हणाला, "आई. हात गेलेत माझे. डोळे नाही गेले." मी म्हटलं, "काय बोलतोस?" तो म्हणाला, "तू मुद्दाम पडतेस." मी नाही म्हणणार होते, पण तोंडातून आलं ते वेगळंच. म्हटलं, "मग काय करू? तुला वर पोहोचवून देऊ?"  मग तो सांगत गेला, मध्ये मध्ये थांबत. की ते खेळावर अवलंबून नाहीच. ते त्याने मेमध्येच ठरवलं होतं, तू भांडत होतीस तेव्हाच. खाण संपू दे असं तो मेअरला म्हणाला ते मला थोडे दिवस मिळावेत म्हणून. "मला दिवस नकोत, आई. मी रोज बुडतो. तुझ्यासाठी थांबलोय." आणि मग, "तू वर गेलीस काय, पडलीस काय, मी दमलोय." मी उठून गेले. मागच्या दारात उभी राहून वाळत घातलेले कपडे काढले, ओलेच होते, तरी काढले. परत आले तेव्हा म्हणाला, "पण ते संपलेलं बघायला आवडेल मला. खरंच आवडेल."

मग मी खरी खेळले. मंगळवारी, पाऊस चालू होता, पडदे अर्धे ओढलेले. मी एकही जीव न गमावता चौथ्यापर्यंत गेले. गेथिन फक्त "आत्ता" म्हणायचा. आत्ता. आत्ता. शेवटच्या बादलीला मी घाई करणार तेवढ्यात तो म्हणाला, "सावकाश, ती परत येते." मी थांबले, ती परत आली, मी उडी मारली. पडदा पांढरा झाला. मग काळ्या अक्षरांत एकच ओळ आली, 'अभिनंदन', आणि तेही स्पेलिंग चुकलेलं. ना सिनेमातला समुद्र, ना ब्रॅनिकचा चेहरा, ना गाणं. थोड्या वेळाने ती ओळही गेली आणि ब्रॅनिक पुन्हा तळमजल्यावर, उंदरासमोर उभा. मी गेथिनकडे पाहायला घाबरले. तो हसत होता. मास्क सरकला, हवा फुसफुसायला लागली, मी घाईने बसवला, तरी हसतच होता. "एवढंच? यासाठी केरिसने माझा दात पाडला?" मग डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं, त्याला पुसता येत नाही ना. मी विचारलं, बंद करू? म्हणाला, "कर."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मेअर आणि डॉक्टर येणार आहेत. आधी औषध देतील, त्याला झोप लागेल, पूर्ण झोप लागली की मगच मास्क काढतील, तो घाबरणार नाही, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. गेथिनने माझ्याकडून शब्द घेतला आहे की तुला आधी कळवायचं नाही. "ती येईल, भांडेल, आणि मी हो म्हणेन. मला हो म्हणायचं नाही." मी शब्द दिला, आणि आता मोडते आहे. त्याला थांबवायला ये असं मी म्हणत नाही, ते मी करून पाहिलं. त्याची माफी मागायलाही येऊ नकोस, त्याला त्यात रस नाही. केरिस, त्याचा एक हात माझ्या हातात असेल, पण खाटेच्या पलीकडच्या बाजूला कुणी नाही. मला वाटलं होतं मी एकटी बसू शकेन. नाही बसू शकणार. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी ये. अॅबरडीनहून गुरुवारच्या गाडीने निघ, दारातून आत येताना रडू नकोस, आणि त्याने विचारलं तर सांग, आईने शब्द मोडला.

तुझीच,
आई

बरी पोर्ट, नोव्हेंबर