किंडरवागनमधली बाहुली

आई, कोलोनच्या त्या घरात तू माझ्या बाळंतपणाला आली होतीस. जिन्याखाली ठेवलेल्या किंडरवागनवर तुझा राग, "बाळाची गाडी अशी वाऱ्यावर?" त्याच गाडीत एका सकाळी तुला लाकडी बाहुली सापडली. वीतभर, काळी, कमरेला मण्यांची माळ. बाळाला छातीशी धरून तू ओरडलीस, "काळी बाहुली! करणी केलीय कुणीतरी. आधी फेकून ये!" मी हसले, तशी तू रडायलाच लागलीस. मग बाहुली घेऊन गुपचूप कचरा टाकायला निघाले.

दुपारी खालच्या मजल्यावरची, आफ्रिकेतल्या टोगो देशाची बाई वर आली, मागे तिची सात वर्षांची मुलगी. त्यांच्यात जुळ्यातलं एक मूल गेलं की त्याच्या जागी बाहुली कोरून घेतात, तिला न्हाऊ घालतात, भरवतात. ही बाहुली म्हणजे त्या मुलीची गेलेली जुळी बहीण. आमच्या बाळाला एकटं वाटू नये म्हणून मुलीनेच ती गाडीत ठेवली होती. "तुम्ही पाहिलीत का?" बाईने विचारलं. तू दारात उभी, जर्मन न कळता हसत होतीस. मला तुझी लाज वाटली. "नाइन, नाही पाहिली," मी म्हणाले.

उन्हाळ्यात अंगणात शेजाऱ्यांचं हॉफफेस्ट होतं, खाणंपिणं, गाणीबजावणी. ती मुलगी नाचतेय. एरवी बाहुली पाठीशी बांधून नाचायची. आज नुसतंच फडकं बांधलंय, आणि मधेच हात मागे नेऊन ती काहीतरी सावरतेय. "पाठीवर काय आहे गं तिच्या?" तू विचारलंस, तेव्हा बाहुली कुणाची होती ते मी सांगितलं. तू म्हणालीस, "मेलेलं लेकरू कचऱ्यात टाकायला लावलं मी." पुण्याला परतेपर्यंत तू रोज त्या मुलीला शिरा नेऊन देत होतीस. पुढच्या वर्षी तू गेलीस. खालच्या मजल्यावरची ती माणसंही घर सोडून गेली, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.

आई, मी ती फेकली नव्हती. कचऱ्याच्या कंटेनरचं झाकण उघडलं, पण हात धजेना. खाली केलरमध्ये, तळघरात, दिवाळीच्या सामानात लपवली. परत दिली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं. पण तुला तरी सांगायला हवं होतं. माझ्या भित्रेपणाचं पाप तू स्वतःचं समजून घेऊन गेलीस, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ती माझ्या स्वयंपाकघरात असते. लेक विचारते, "वास इस्ट दास, ममा? काय आहे हे?" मी विषय बदलते. आज शिरा केला होता. पहिला घास बाहुलीपुढे ठेवला. तुझ्या फोटोपुढे ठेवायचा धीर झाला नाही.