स्क्रीन लागली!

लिनबो,

अरे, स्क्रीन लागली! तू डाख देऊन जोडलेल्या तारांत काहीच चूक नव्हती. बूटलोडरच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये मीच जुनी स्क्रीन नोंदवून ठेवली होती, म्हणून बोर्ड चालू होताना तिलाच शोधत बसायचा. एक ओळ बदलली आणि आपल्या नाडी मोजायच्या यंत्रावर माझी रेघ लख्ख उमटली! मी एकटीच नाचले. आठवडाभर तुला ‘हात आहेत की फावडी’ म्हणून घालूनपाडून बोलले, माझं चुकलं.

मी ह्वाछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल आणायला गेलेय. पेज गरम आहे, खारं अंडंही ठेवलंय. तीन वाजता दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई यंत्र बघायला येतील. त्यांना ते तूच दाखवायचंस.

तू गावी जायला भरलेली बॅग मी रिकामी केलीय. हवं तेवढं भांड, पण जाऊ नकोस.

ताई