चंपाबाई गुरुनाथ हाजिर हो

३ फेब्रुवारी २००९, मंगळवार

स्वाती, ही वही पुढे वाचणार ती तूच, आणि आठ दिवसांनी "अय्या, हे कोणी लिहिलं?" असं विचारणार तीही तूच! गॅसवर दूध ठेवून टीव्ही बघायला जाणारी बाई तू. म्हणून आधीच लिहून ठेव – बोलतेय ती मी, चंपाबाई. लिहितेय ती माझी सून. शहाणपण माझं, अक्षर तिचं. हसू नकोस, लिही.

तर काल मला पोलिसांनी पकडलं.

काशीगावच्या नाक्यावर, बसस्टॉपला लागून, अकरा वर्षं मी गोणपाट टाकून बसते. आमसुलं, कुळथाचं पीठ, सुकट, फणसाचे पापड – गावाहून येईल ते. काल गाडी आली. हवालदार म्हणाला, "मावशी, रस्त्यात अडथळा करताय." अडथळा – मी? माझ्यापुढे तीन रिक्षा आडव्या, एक ट्रक उभा, आणि अडथळा कोण, तर पापड!

कागद काढला. नाव? चंपाबाई. आडनाव? पाष्टे. नवऱ्याचं नाव?

आता ते मी कसं घेणार! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्याला त्रेपन्न वर्षं झाली. म्हटलं, "भाऊ, गुरुवार ज्याचा वार, तोंडं ज्याला तीन, पायाशी चार कुत्री – तो देव घ्या आणि त्याच्या पुढे राम लावा." एवढं सोपं! मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, मला कळतं. तो शिकलेला. मान डोलावली, भराभरा लिहिलं, माझा अंगठा घेतला, कागद हातात दिला. कोर्टात या म्हणे, दंड भरा.

संध्याकाळी स्वातीने वाचला. वाचता वाचता थांबली.

"आई, हे चंपाबाई गुरुनाथ पाष्टे कोण?"

गुरुवारातला गुरु घेतला मेल्याने, आणि नाथ पदरचा लावला!

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून ह्यांना ऊत आलाय. "अहो गुरुनाथांच्या बाई, माझा पंचा दिसला का?" चहा दिला तर म्हणतात, "मला कशाला, गुरुनाथरावांना विचारा आधी." आज साखर घातलीच नाही चहात.

८ फेब्रुवारी, रविवार

स्वातीला वाटतं, जगातलं सगळं मशीनवर होतं. हापिसात बसल्या बसल्या फोनचं बिल भरते ना! म्हणाली, "आई, दोन बस बदलून कोर्टात कशाला जायचं? दंडही ऑनलाइन भरू. पाच मिनिटांचं काम." मला घेऊन गेली जितेशभाईच्या सायबरमध्ये. मी नवं पातळ नेसले. म्हटलं, कोर्टाचंच काम आहे, मशीनमधून दिसत असलं तर?

जितेशभाई भला माणूस. "आवो माजी, बैठो," म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची दिली. स्वातीने कोर्टाचं पान उघडलं. माझं नाव टाकलं, ह्यांचं टाकलं, आडनाव टाकलं. मशीन गरगर गरगर फिरलं आणि म्हणालं – अशी बाई नाही.

"चल घरी!" मी उठलेच. "मी गुन्हा केलेलाच नाही. मशीनच सांगतंय!"

"बसा हो आई." आणि तिने गुरुनाथ टाकलं. लगेच आली बाई! चंपाबाई गुरुनाथ पाष्टे, तारीख सोळा, सोमवार, सकाळी अकरा. माझंच नाव, माझंच आडनाव, आणि मधे एक परका पुरुष बसलेला.

मग स्वाती पैसे भरायचं बटण शोधायला लागली. वर गेली, खाली गेली, डावीकडे गेली. जितेशभाईला हसू आवरेना. "बेन, इधर सिर्फ तारीख देखने का. पैसा उधर खिडकी पे. कॅश." त्याने त्याचे वीस रुपये घेतले.

म्हणजे ऑनलाइन म्हणजे काय ते मला आज कळलं. घरबसल्या आपली बदनामी बघायची सोय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मी काय केलं ते स्वाती लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, नाहीतर उद्यापासून भाजी तूच चिर. तर लिहितेय, ओठ आवळून.

कोर्टात गेलो. साडेदहालाच. मागच्या बाकावर जागा मिळाली. पंखा होता, पण आमच्यावर नव्हता. बारा वाजले, एक वाजायला आला. मग शिपायाने दारात उभं राहून आवाज दिला – "चंपाबाई गुरुनाथ पाष्टे हाजिर होऽ!"

मी पदर सारखा केला.

स्वातीने कोपर मारलं. मी पुढच्या बाईच्या वेणीकडे बघत बसले. चांगली वेणी होती.

दुसऱ्यांदा आवाज. स्वातीने चिमटा काढला, अजून काळानिळा आहे दंड. "आई, उठा ना!"

"मला नाही बोलावत."

"तुम्हालाच बोलावतायत!"

"गुरुनाथची कोण असेल ती उठेल."

तिसऱ्यांदा आवाज झाला. कोणी उठलं नाही. स्वाती धावत पुढे गेली, कारकुनाला काही सांगायला लागली, पण तोवर पुढच्याचं नाव पुकारलं. कारकून म्हणाला, "मॅडम, आरोपी गैरहजर लागलेत. आता दोन मार्च. त्या दिवशी आले नाहीत तर वॉरंट निघेल. पोलिस घरी येतील."

येताना बसमध्ये स्वाती माझ्या शेजारी बसली नाही. दोन सीट पुढे बसली. पण तिकीट माझं तिनेच काढलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस स्वाती वही घेऊन बसलीच नाही. भांडी अशी घासते जसं भांड्यांनीच गुन्हा केला. आज चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, वॉरंट निघालं तर शेजारीपाजारी काय म्हणतील? एकदा नाव सांगून टाकलं तर काय होणार आहे?"

काय होणार आहे! तुला नाही कळायचं. तुम्ही नवऱ्याला "उदय, टॉवेल दे" म्हणता, आणि माझा उदय देतोही टॉवेल, घोड्यासारखा धावत. आमचं तसं नाही. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, असं माझी आई सांगायची. खरं की खोटं, मी कधी बघायला गेले नाही. पण गेल्या पावसात ह्यांना छातीत कळ आली, आठ दिवस इस्पितळात ठेवलं, नाकात नळी. नर्स रोज विचारायची, पेशंटचं नाव? मी रोज खाटेवरची पाटी दाखवायची. नर्स चिडायची. चिडू दे. माणूस घरी आला ना!

हे मी बोलले तेव्हा हे आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. रेडिओ बारीक केला. तिथूनच म्हणाले, "अगं, राहू दे ते गुरुनाथ. वरून कोणी मला न्यायला आला, तर सरकारी कागद बघूनच येणार ना? काशीगावात गुरुनाथ शोधत फिरेल. सापडणार नाही. परत जाईल!"

स्वाती इतकी हसली की चहा सांडला. मलाही आलं हसू. खरं सांगते, घटकाभर पटलंसुद्धा. पण रात्रीच्या भाताला तांदूळ धुताना मनात आलं – त्याला शोधून हे मिळाले नाहीत, ते ठीक. पण कागदावर मग मी कोणाची?

२ मार्च, सोमवार

आज सगळं लिही, स्वाती. काही गाळू नकोस. तू रडलीस ते गाळलंस तरी चालेल.

परत तो बाक, परत तो पंखा. शिपायाने आवाज दिला – चंपाबाई गुरुनाथ! मी उठले. पुढे गेले. जज्जबाई होत्या, तरण्या, चष्म्याच्या. कागद बघून म्हणाल्या, "आजी, गेल्या तारखेला कुठे होता?"

"इथेच होते. मागून दुसऱ्या बाकावर."

"मग ओ का दिली नाही?"

"बोलावलं ते मला नव्हतं, बाईसाहेब. हा गुरुनाथ कोण, मला ठाऊक नाही. माझ्या घरात दुसरे आहेत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. जज्जबाई हसल्या नाहीत. "मग तुमच्या पतीचं खरं नाव सांगा. दुरुस्त करून घेऊ."

झालं! मी पावलांकडे बघायला लागले. स्वाती मागून म्हणाली, "मॅडम, मी सांगू का?" तर जज्जबाई म्हणाल्या, "नाही, त्यांच्याच तोंडून हवं. सावकाश सांगा आजी."

सावकाश काय, जमिनीत शिरावंसं वाटत होतं. मग वाटलं, लग्नात घेतलं तेव्हा कुठे काही झालं? उखाण्यात घेतलं की चालतं. आणि तिथे उभ्या उभ्या मी जोडला. आता मी तो परत बोलणार नाही. तू ऐकलायस, तूच लिही –

कोकमाची टोपली फुटपाथवर मांडली,
दत्तारामांच्या नावासाठी कोर्टात येऊन भांडली!

पुरं कोर्ट हसलं. काळे कोटवाले हसले. शिपाई दारात वाकून हसला. जज्जबाईंनी तोंडासमोर कागद धरला, पण खांदे हलत होते, मी बघितलं. मग चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "लिहून घ्या – दत्ताराम. आता आजी, गुन्हा कबूल आहे?"

"बसले होते ते कबूल. अडथळा रिक्षांचा होता."

"आजी, एकच काय ते सांगा."

"बसले होते."

"शंभर रुपये दंड."

खिडकीवर गेलो. स्वातीने सवयीने विचारलं, "कार्ड चालेल का?" आतला कारकून म्हणाला, "सुट्टे असतील तर काहीही चालेल." शंभराची नोट दिली. त्याने मोठ्या रजिस्टरात गुरुनाथवर लाल रेघ मारली, वर खरं नाव लिहिलं. कसली सुंदर रेघ! पावती दिली, तिच्यावरही खरं नाव. स्वातीने तीनदा वाचून दाखवली. शेजारी मशीन होतं, वर प्लॅस्टिकचं झाकण. स्वातीने विचारलं, "आणि कॉम्प्युटरवर?" तो म्हणाला, "सिस्टिम बंद आहे मॅडम, चालू झाली की करतो."

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. बसमध्ये स्वाती माझ्या शेजारीच बसली.

३ मार्च, मंगळवार

हे पहाटे पाचला उठले. मी त्याआधीच जागी होते, ह्यांचा श्वास मोजत. खोकले नाहीत. दोन घावणे खाल्ले आणि तिसरा मागितला. वहीत नीट लिही – तिसरा मागितला!

१२ मार्च, गुरुवार

होळी झाली. आजपासून परत नाक्यावर. स्टॉपपासून चार हात मागे गोणपाट टाकलं. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पोलक्यात. दुपारी तो हवालदार आला. दशरथ त्याचं नाव. मी पावती दाखवली, म्हटलं, "वाचा भाऊ. गुरुवारचा देव असा लिहितात." कान धरले बिचाऱ्याने. पाव किलो सुकट घेतली, पैसे देऊन. घरी बायको गावाला गेलीय म्हणे.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणतात, "पुरत नाही अजून? आता हवालदाराचंही नाव घ्यायला लागलीस, आणि माझं कोर्टात गेल्याशिवाय नाही!"

१९ मार्च, गुरुवार

स्वाती, अक्षर बघून घाबरू नकोस. तू दूध आणायला गेलीस, फोन घरीच विसरलीस, म्हणून हे हवालदार दशरथभाऊ लिहितायत. कागदावर मी सुटले, पण मशीनमध्ये चंपाबाई गुरुनाथ अजून फरार आहे, तिचं वॉरंट आलंय. दशरथभाऊ म्हणतात, पावती मी बघितली आहे मावशी, पण साहेबांसमोर यावं लागेल. गाडी खाली उभी आहे. पावती घेतलीय. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, म्हणतात, पावती कशाला, मी स्वतः उभा राहतो – बघू दे मशीनला! ऐकत नाहीत, येतायत बरोबर. तेव्हा हापिसात कळव आणि बारापर्यंत कोर्टात डबा पाठव, तिघांचा. कुळथाची पिठी, ह्यांचा भात मऊ, सोलकढी बाटलीत, झाकण घट्ट. दशरथभाऊंच्या डब्यात तिखट कमी घाल.

(वहिनी, मला तिखट चालतं. – दशरथ)

बरं, मग त्यांना सुकटाची चटणी जास्त दे.