पाण्याची रेघ

नांदुरा, ता. ३ नोव्हेंबर १९३७
सकाळच्या गाडीने उतरलो. दवाखाना स्टेशनजवळच. डॉक्टर मोकळे गृहस्थ. चहा पाजला, नवे एक्स-रे यंत्र स्वतः दाखवले. माझे काम फोटोच्या काचा धुण्याचे. राहायला मागची खोली, शेजारी विहीर. माझी पत्नी कोकिळा जाऊन महिना झाला. इथे बरे वाटेल.

ता. ९
झुंबरबाई सून रुख्मिणीला बैलगाडीतून घेऊन आल्या. धाप, पायांवर सूज. काचेवर काळजाची सावली मडक्यासारखी गोल. काळजाभोवतीच्या पिशवीत पाणी साचले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. झुंबरबाई म्हणाल्या, घरी घागर उचलाले कुरकुरते, अन् छातीत बरी भरून ठेवली! रुख्मिणीही हसली. सुईने पाणी काढून थोडी हवा सोडली. आता काचेवर पाण्याची आडवी रेघ उमटली. हवा आत गेल्याशिवाय ही रेघ दिसत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

ता. १४
पाणी पुन्हा भरले. कोकिळेचे दुखणे सांगितले; तिलाही हेच असावे, असे डॉक्टरांना वाटते. मला तिच्या दहनाची मसणवट आठवली. मडके खांद्यावर घेऊन तीन फेरे घातले, दर फेऱ्याला एक भोक. मागे न बघता सोडले. काळ्या भुसभुशीत मातीत पडले ते फुटलेच नाही. उकंडरावमामा हळूच म्हणाले, पानी राह्यलं ना बे आत.

ता. १८
रुख्मिणी गेली. झुंबरबाई तिचे डोके मांडीवर घेऊन म्हणत होत्या, आता नाही सांगत तुले पानी आनाले, ऊठ.

ता. २०
चालताना माझ्या छातीत काही हिंदकळते. डॉक्टरांनी माझा फोटो काढला. तेच मडके. आणि रेघ. तुम्हाला सुई कोणी लावली, असे त्यांनी दोनदा विचारले. कोणीच नाही. त्यांनी काच पालथी ठेवली.

ता. २१
डॉक्टरांनी पाणी काढले. दुपारी पुन्हा तेवढेच. सदरा डाव्या बाजूला ओला. कातडीला भोक — सुईचे नव्हे, सुई खाली लावली होती. विहिरीकडे जाताना वाटले, मी चालत नाही. कोणीतरी मला खांद्यावर घेऊन —

ता. २२
दुसरे भोक. डॉक्टर दारातूनच बोलतात. उपाय विचारला. ते दार ओढून निघून गेले.

ता. २३
तिसरे. फेरे झाले. आता सोडायचेच राहिले — कोकिळा मागे पाहणार नाही.
सदरा पिळला. दोरीवर टाकून येतो, मग